गल्लीतले बेकायदा फटाके: दसऱ्याआधी काय करायचं, दिवाळीत काय करायचं

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला कुणीतरी ११२ ला फोन लावतो. बोळात माळ लागलेली असते, घरात दम्याची आजी उशीला टेकून बसलेली असते. पोलिसांची गाडी येईपर्यंत रस्त्यावर लाल कागदाचा सडा आणि धूर, बाकी कुणी नाही. "पोरं होती साहेब, गेली." गाडी जाते, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर चर्चा रंगते ती फोन कुणी केला याची.

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, कुठेही गेलात तरी हे असंच घडतं. आवाज विरला की तक्रारही विरते. पण तोच माल आदल्या तीन आठवड्यांत कुणाच्या तरी माळ्यावर, जिन्याखाली, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेला असतो. साठा जागेवर असतो, त्याला पत्ता असतो, मालक असतो, आणि त्याच्यासाठी परवाना लागतो. म्हणून वाजवणाऱ्याच्या मागे रात्री धावण्यापेक्षा विकणाऱ्याच्या आणि साठवणाऱ्याच्या मागे आधी लागायचं. पुढे जे सांगतो आहे त्यातला मोठा भाग त्याबद्दलच आहे.

आधी नक्की बेकायदा काय, ते पक्कं करा

अर्ज घेऊन गेल्यावर ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "फटाक्यांवर कुठे बंदी आहे?" बरोबर आहे, सरसकट बंदी नाही. म्हणून "फटाके बंद करा" असा अर्ज कधीच करू नये, तो केराच्या टोपलीत जातो. नेमकं काय मोडलं जातंय ते लिहायचं.

पहिलं, वेळ. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितलं आणि पुढे २०१० मध्ये ते ध्वनिप्रदूषण नियमांतही आलं. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने दिवाळीसाठी रात्री ८ ते १० हे दोनच तास ठेवले, नाताळ आणि नववर्षाला रात्री ११.५५ ते १२.३०. तामिळनाडूने पहाटेची वेळ मागितली तेव्हा न्यायालयाने वेळ बदलायची मुभा दिली, पण दोन तासांची मर्यादा कायम ठेवली. कर्नाटक सरकार दिवाळीत ८ ते १० हीच वेळ सांगत आलं आहे. म्हणजे नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून, कारीट फोडून आपण अंगणात जो पहिला बार काढतो, तोही या हिशेबात बसत नाही. हे आपल्या लोकांना रुचत नाही, मला माहीत आहे. पण रात्रीच्या बाराच्या माळेवर तक्रार करायची आणि पहाटे पाचला आपणच सुतळी बॉम्ब लावायचा, तर ठाण्यात आपलं तोंड बंद होतं.

दुसरं, माल. २०१८ च्या त्याच निकालाने एकमेकांना जोडलेल्या फटाक्यांच्या माळांवर, म्हणजे लडींवर बंदी आणली, बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली आणि ऑनलाइन विक्री थांबवली. बेरियम हे नुसतं हिरव्या उजेडासाठी नसतं, साध्या फुलबाजीतही ते जळण्याला मदत करणारं द्रव्य म्हणून घालत असत, म्हणून ही मनाई दिसते त्यापेक्षा मोठी आहे. हे फक्त दिल्लीपुरतं आहे असं कुणी सांगितलं तर नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयानेच ते साऱ्या देशाला लागू असल्याचं स्पष्ट केलं, एवढं सांगा. गंधक आणि क्लोरेट यांचं मिश्रण असलेल्या फटाक्यांवर तर १९९२ पासून बंदी आहे. पोटॅशियम क्लोरेट वापरून केलेले, चोरवाटेने येणारे चिनी फटाके त्यातच मोडतात.

तिसरं, आवाज. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल एआय किंवा १४५ डेसिबल सी पीक (आवाज मोजायच्या या दोन पद्धती), ही मर्यादा १९९९ पासून आहे. ती आपल्याला मोजता येत नाही. मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप फटाक्याच्या क्षणभराच्या स्फोटाला पुरं पडत नाही, माइक तिथेच गुदमरतो. त्या ॲपचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडू नका. समोरचा अधिकारी जाणकार असेल तर हसेल, आणि बाकीचा अर्जही हलका होईल.

चौथं, जागा. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा जो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे, तिथे आवाजाचे फटाके दिवसाही चालत नाहीत. आपल्या शहरात दवाखाने इतके खेटून आहेत की नकाशावर शंभर मीटरची वर्तुळं काढून पाहिलीत तर चकित व्हाल. मात्र क्षेत्र जाहीर झालं आहे का, हे आधी विचारून घ्या.

आणि पाचवं, ज्यावर सगळा डोलारा आहे, ते परवाना. केंद्राच्या २००८ च्या स्फोटक नियमांत सणापुरत्या तात्पुरत्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम आहे, क्रमांक ८४. न जळणाऱ्या साहित्याची बंद शेड हवी. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर हवं. घरं, शाळा, देवळं अशा संरक्षित जागांपासून ५० मीटर लांब हवी. शेड समोरासमोर नकोत. तेलाचा दिवा, गॅसबत्ती, उघडी ज्योत नको. बल्ब लोंबत्या वायरीवर नको, भिंतीला किंवा छताला पक्का हवा. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत, आणि दुकानांपासून ५० मीटरच्या आत फटाके वाजवून दाखवायचे नाहीत. हे वाचून आपल्या पेठेतलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. वर बिऱ्हाड, बाजूला कापडाचं दुकान, समोर वडापावचा गाडा, त्यावर पेटती शेगडी. ५० मीटर सोडा, पाच मीटरही मोकळे नाहीत. तिथे सणापुरतं दुकान या नियमात बसूच शकत नाही.

विनापरवाना बाळगणं आणि विकणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या कलम ९ ब खालचा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. स्फोटक पदार्थ हाताळताना दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. तक्रारीत ही दोन कलमं लिहिलीत तरी पुष्कळ झालं. कलमांची जंत्री लावणारा अर्ज वकिलाची नोटीस वाटते आणि ठाण्यातले लोक सावध होतात.

साठा ओळखायचा कसा

७ ऑक्टोबर २०२३ ला बेंगळुरूजवळ अत्तिबेलेला हमरस्त्यालगतच्या फटाक्यांच्या दुकान-गोदामात माल उतरवताना आग लागली. चौदाच्या वर माणसं गेली, त्यांतली बरीचशी सणापुरत्या कामाला आलेली तरुण पोरं. त्यानंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी राजकीय कार्यक्रम, लग्नं आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत फटाक्यांना मनाई जाहीर केली आणि राज्यात फक्त हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे फटाके चालतील असं सांगितलं. आपल्या गल्लीत गोदामं नसतात, पण गल्लीतला साठा निजत्या घराखाली असतो, ते जास्त वाईट.

माल दोन वाटांनी येतो. एक, शिवकाशीहून ट्रकने हमरस्त्याने, रीतसर. दुसरी वाट आपल्या सीमेची खासियत: पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कागल, अलीकडे निपाणी, संकेश्वर, बेळगाव, आणि खाली चोर्ल्याच्या घाटातून गोवा. जिथे स्वस्त मिळेल तिथून गाडीच्या डिकीत चार खोकी घालून आणायची आणि ओळखीपाळखीत विकायची. अनेकांना यात काही चुकतंय असंही वाटत नाही, दिवाळीच्या खर्चापुरते चार पैसे सुटतात एवढंच. घरच्या पोरांसाठी आणलेली पिशवी आणि विकायला आणलेली खोकी यांत फरक आहे, तो आपणही करावा. प्रत्येक पिशवीवर तक्रार करणारा माणूस लवकरच गल्लीत एकटा पडतो.

खुणा अशा. दसऱ्यानंतर एखाद्या दुकानात "आत आहे, किती पाहिजे?" असं हळू आवाजात विचारलं जातं. बिल मिळत नाही. स्टेटसवर दरपत्रक फिरतं, खाली "घरपोच मिळेल". रात्री उशिरा छोटा टेम्पो येतो आणि जड खोकी मागच्या दाराने जातात. परवाना असलेला दुकानदार परवाना दर्शनी लावतो, तो पाहायला मागण्यात काही गैर नाही. हातात आलेल्या पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का ते पाहा. हरित फटाका असेल तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो, नीरीच्या ॲपने तो तपासता येतो. बनावट कोडही निघाले आहेत, त्यामुळे नुसता चौकोनी ठसा पाहून समाधान मानू नका. हरित फटाका म्हणजे बिनधुराचा नव्हे, धूलिकण साधारण ३० टक्के कमी, इतकंच. आवाज त्यालाही आहे.

खात्री करायला दुसऱ्याच्या घरात, गोदामात शिरायचं नाही, खोकी उघडायची नाहीत, खोटं गिऱ्हाईक होऊन गुप्त चित्रीकरण करायचं नाही. रस्त्यावरून दिसतं तेवढं, तारीख-वेळेसह वहीत लिहायचं. तपास हे पोलिसांचं काम.

कुणाकडे जायचं

इथे आपली माणसं हमखास चुकीच्या दारात उभी राहतात. बेळगावात पोलीस आयुक्तालय २०१४ पासून आहे. जिथे आयुक्त आहेत तिथे तात्पुरत्या दुकानांच्या परवान्याचे अधिकार आयुक्त किंवा उपायुक्तांकडे असतात. म्हणजे खडेबाजार, मार्केट, शहापूर, टिळकवाडी, कॅम्प, माळमारुती, काकती या ठाण्यांच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आयुक्त कार्यालय गाठायचं. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी इकडच्यांनी डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी, आणि पोलिसांकडे एसपी. दुकानाची जागा कुणाची, यासाठी महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत, आणि कॅम्पात असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. अग्निशमन दलाला प्रत द्यायला विसरू नका. आवाज-धुराची बाब राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाकडे जाते, पण त्यांच्याकडून दिवाळीच्या रात्री कुणी धावून येईल ही अपेक्षा ठेवू नका. त्यांना प्रत द्यायची ती फाइलसाठी.

आणखी एक दार लोकांना फारसं माहीत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३, हे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचं कलम आहे. आग किंवा स्फोट होऊ शकेल अशा पदार्थाबद्दल आदेश काढायचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. तालुक्यांत यासाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे एसी साहेबांकडे जायचं, बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे आपल्या जिल्ह्याचे तीन उपविभाग. निजत्या घराखाली साठा आहे आणि ठाणं ढिम्म आहे, अशा वेळी हे उपयोगी पडतं.

कधी सुरुवात करायची

गणपती विसर्जन झालं की. त्या आठवड्यात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका: गेल्या दिवाळीत आपल्या हद्दीत फटाके विक्रीचे तात्पुरते परवाने कुणाला, कोणत्या जागेसाठी दिले त्याची यादी. उत्तराला ३० दिवस मिळतात, म्हणजे ते साधारण दिवाळीच्या तोंडावर हातात येतं. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. कुणी पाठवलेला दोन पानी नमुना इथे परत येतो, तो वापरू नका. यादी हातात आली की तुमच्या गल्लीतलं दुकान त्यात आहे की नाही, एवढ्या एका ओळीत अर्धं काम होतं.

नवरात्रात पहिलं बोलणं करायचं, आणि ते ठाण्यात करायचं नाही, दुकानदाराशी करायचं. एकट्याने जाऊ नका, गर्दीही नेऊ नका. दोघं-तिघं, त्यांत एक जण त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक आणि एक गल्लीतली वडीलधारी बाई असेल तर उत्तम. "मामा, वर सूनबाईचं बाळ निजतं, खाली ही खोकी. मैदानावर परवान्याचं दुकान टाकत असाल तर आम्ही सगळे तिथूनच घेतो." या बोलण्यात त्याला बाहेर पडायला वाट आहे. धमकी दिली तर तो माल दुसऱ्या घरात हलवतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मग मंडळ. आपल्याकडे गल्लीचं मंडळ जे ठरवतं ते होतं, पोलिसांनी ठरवलेलं होतंच असं नाही. मंडळाच्या बैठकीत दोनच गोष्टी मागा: फटाके एका मोकळ्या जागी आणि ८ ते १० या वेळेत, आणि माळ कुणी लावायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने सामुदायिक जागा ठरवायला सांगितलंच आहे, तेव्हा ही काही जगावेगळी मागणी नाही. तरुण पोरांना "वाजवू नका" म्हटलं की ती ऐकत नाहीत, "व्यवस्था तुम्ही बघा, पाण्याचे बॅरल आणि वाळूच्या बादल्या तुमच्याकडे" म्हटलं की ऐकतात.

सही घेताना गल्लीतल्या सगळ्यांच्या घ्या. कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे, लिंगायत, मराठा, जैन, मुसलमान, ख्रिस्ती. आपल्या गावात कुठलाही प्रश्न भाषेचा किंवा धर्माचा व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा तो तसा झाला की पोलीस दोन्हीकडच्यांना समज देऊन मोकळे होतात. अर्जात दिवाळीचं नाव एकदाच, तारखेपुरतं. लग्न, वाढदिवस, क्रिकेट, निवडणुकीचा गुलाल, सगळ्यांचा उल्लेख करा, म्हणजे कुणा एकाच्या सणावर बोट ठेवलं असं होत नाही.

अर्ज

भाषेबद्दल आधी. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे, मराठीतला अर्ज भाषेच्या कारणाने नाकारता येत नाही. हक्क तो हक्क. पण साठ्याचा प्रश्न चार दिवसांत सुटायला हवा असेल तर कन्नड प्रत सोबत जोडा, शाळेत कन्नड शिकलेली पोरं प्रत्येक घरात आहेत. भाषेची लढाई लढायची जागा वेगळी, ही वेगळी. मराठी मूळ, कन्नड प्रत, दोन्हींवर त्याच सह्या.

मजकूर एका पानात:

"मा. पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे.
विषय: निवासी इमारतीत फटाक्यांचा विनापरवाना साठा व विक्री.
महोदय, आम्ही खाली सह्या करणारे ______ गल्लीतील रहिवासी आहोत. घर क्र. ______ च्या तळमजल्यावरील दुकानात दि. ______ पासून फटाक्यांची विक्री होत असल्याचे आम्ही दि. ______ रोजी ______ वाजता रस्त्यावरून पाहिले. दुकानात परवाना लावलेला दिसत नाही. वरच्या मजल्यावर कुटुंबे राहतात व ______ मीटरवर ______ आहे. हे स्फोटक नियम २००८ च्या नियम ८४ मधील अंतराच्या अटीशी विसंगत असून विनापरवाना असल्यास स्फोटक कायद्याच्या कलम ९ ब खाली गुन्हा ठरतो. कृपया जागेची पाहणी करून कारवाई करावी व केलेल्या कारवाईची माहिती लेखी द्यावी. प्रत: पोलीस आयुक्त / जिल्हाधिकारी, अग्निशमन दल, महानगरपालिका / पंचायत."

"परवाना नाही" असं ठाम लिहू नका, "लावलेला दिसत नाही" लिहा. उद्या त्याच्याकडे परवाना निघाला तर तुम्ही खोटे ठरत नाही. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडायचं नाही, शिक्का आणि तारीख. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तर नम्रपणे थांबा. पोच दिलीच नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. आठवड्यात हालचाल नसेल तर राज्याच्या १९०२ या तक्रार क्रमांकावर नोंद करून तिचा क्रमांक घ्या. २०१८ च्या निकालात आणखी एक ओळ आहे: बंदी असलेले फटाके हद्दीत विकले गेले तर त्या ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरलं जाईल. अर्जात ती लिहायची गरज नाही. भेटीत, चहा पिता पिता, एकदा आठवण करून दिली की पुरते.

त्या रात्री

इतकं करूनही कुणीतरी वाजवणारच. तेव्हा ११२, आग असेल तर १०१. हद्दीवरच्या गावांत, शिनोळीच्या आसपास किंवा कोगनोळीकडे, मोबाइल पलीकडच्या टॉवरला लागतो आणि फोन महाराष्ट्रात जाऊ शकतो, म्हणून पहिल्या वाक्यात राज्य, तालुका आणि गाव सांगा. मग काय चाललंय: "रस्त्यावर माळ लावली आहे" यापेक्षा "गवताच्या गंजीशेजारी रॉकेट सोडताहेत" याला गाडी लवकर येते, अर्थात खरं असेल तरच. "आमची हद्द नाही" हे उत्तर आलं आणि गुन्हा दखलपात्र असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, नोंद करून घ्यावी लागते.

१ नोव्हेंबर दिवाळीच्या आगेमागे येतो, हे ध्यानात ठेवा. चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक, आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, साऱ्या शहराचा बंदोबस्त तिकडे. त्या दिवशी ठाण्यात माणूस मिळेल याची खात्री नाही, तेव्हा तुमचा अर्ज त्याच्या बराच आधी पोचलेला हवा.

व्हिडिओ घ्यायचा तर आपल्या दारातून, खिडकीतून. घड्याळ, दुकानाची पाटी, चौकातला खांब अशी ओळखीची खूण चौकटीत येऊ द्या. मूळ फाइल फोनवरून पुसू नका, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहिती जाते. पुढे कोर्टात जायची पाळी आली तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फाइलच कामाला येते. लहान मुलांचे चेहरे स्टेटसवर टाकू नका. वाजवणारा दारू प्यालेला असेल तर वाद घालायला खाली उतरू नका.

ज्याकडे कुणी बघत नाही

किल्ले. बेळगावात दिवाळीला पोरं मातीचे किल्ले करतात, दगडांचे बुरूज, वर अळीव पेरलेलं, मावळे, तोफा, पाण्याचं तळं. आणि शेवटच्या दिवशी तोच किल्ला सुतळी बॉम्ब पुरून उडवायचा, ही पोरांची खरी दिवाळी. उघड्यावर वाजणारा बॉम्ब आवाज देतो. मातीत पुरलेला बॉम्ब दगड फेकतो, त्यासोबत प्लॅस्टिकच्या मावळ्यांचे तुकडे, आणि पोरं बघायला गुडघ्यावर वाकून बसलेली असतात. मोठ्यांनी हे काम हातात घ्यावं: किल्ला कुदळीने मोडावा, हवं तर वर भुईनळा लावून निरोप द्यावा.

कारबाईडची बंदूक. प्लॅस्टिकचा पाइप, आत कॅल्शियम कारबाईडचा खडा, वर पाणी. त्यातून ॲसिटिलीन वायू तयार होतो, लायटरची ठिणगी दिली की धडाम. फळं पिकवायला वापरतात तोच खडा, दुकानात सहज मिळतो, आणि ही बंदूक कशी करायची ते मोबाइलवर पोरं शोधून काढतात. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये यामुळे कितीतरी मुलांचे डोळे भाजले. वाजली नाही म्हणून पोरगं पाइपात डोकावतं आणि नेमका तेव्हाच वायू पेटतो. परवाना वगैरे प्रश्नच नाही, दिसली की काढून घ्यायची. गंधक-पोटॅशची लोखंडी ठोक बंदूकही त्याच माळेतली, ते मिश्रण नुसत्या घासण्यानेही पेटतं.

गंज्या आणि जनावरं. दिवाळीच्या सुमाराला बेळगाव-खानापूरच्या शिवारात भात कापणीला आलेलं असतं, खळ्यावर पिंजर, परड्यात गवताची गंजी, वर कौलाचं घर. रॉकेट घराच्या दिशेला तिरकं ठेवायचं नाही, आणि गंजीवर त्या चार दिवसांत ओलं पोतं किंवा ताडपत्री टाकायची. पाडव्याला म्हशी सजवून फिरवतात, तेव्हा जनावरांच्या पायांत माळ टाकून गंमत बघणाऱ्यांना मंडळानेच आवरावं.

ओल्ड मॅन. ३१ डिसेंबरला बेळगावात म्हाताऱ्याचा पुतळा जाळायची रीत कॅम्पातून साऱ्या शहरात पसरली. गवत, कापड, आणि पोटात फटाके. आतले फटाके कधी आणि कुठल्या बाजूला उडतील हे कुणालाच सांगता येत नाही. पुतळ्यात फटाके भरायचे नाहीत, बाजूला लावायचे, ११.५५ नंतर.

प्रवास. मिरज-लोंढ्याच्या गाडीत फटाक्यांची पिशवी नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खालचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. बसच्या डिकीत, सीटखाली ठेवायचा विचारही करू नका.

भाजलं तर

नळाखाली वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई, तूप, हळद काही नाही. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. डोळ्याला लागलं असेल तर चोळायचं नाही, वर कागदी कप उलटा धरून हलकी पट्टी लावायची आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कारबाईड किंवा फटाक्याची दारू डोळ्यात गेली असेल तर मात्र आधी भरपूर पाण्याने धुवा. १०८ ला फोन. बेळगावात सरकारी बिम्स रुग्णालय आहे. खानापूर-निपाणीकडून निघालात तर डोळ्याचा डॉक्टर आहे का हे फोन करून विचारा, दिवाळीच्या रात्री तास फुकट जायला नको. कागदपत्रांत इजा कशाने झाली ते स्पष्ट लिहून घ्या. पोरगं ओरडा खाईल म्हणून "गरम पाणी सांडलं" असं सांगणारे आईबाप असतात, त्यामुळे उपचारही चुकू शकतात.

दुसऱ्या दिवशी

सकाळी गल्ली झाडायच्या आधी न फुटलेले फटाके मोठ्याने उचलायचे. लांब दांड्याच्या सुपलीने, पाण्याच्या बादलीत, रात्रभर भिजत. घंटागाडीत कोरडे टाकू नका, कचरा दाबताना पेटतात. पोरं अर्धवट फटाक्यांची दारू काढून कागदात गुंडाळतात, त्याला आपल्याकडे कुणी फार मनावर घेत नाही, पण बोटं जातात ती बहुतेक त्यातच.

मग फाइल. अर्जाची पोच, १९०२ चा क्रमांक, ११२ ला फोन केल्याच्या वेळा, माहिती अधिकाराचं उत्तर, सगळं एका पिशवीत. कारवाई झाली असेल तर दोन ओळींचं आभाराचं पत्र ठाण्याला जरूर द्या, तेही फाइलला लागतं आणि पुढच्या वर्षी आपलं नाव ऐकून निरीक्षक कपाळाला आठी घालत नाही. कारवाई झाली नसेल तर नोव्हेंबर संपायच्या आत आयुक्तांना किंवा डीसींना एक निवेदन: या दिवाळीत या तारखांना आम्ही हे कळवलं होतं, पाहणीचा अहवाल द्यावा, आणि पुढच्या वर्षी या पत्त्यावर परवाना देताना आमचं म्हणणं ऐकून घ्यावं. पुढच्या वर्षी परवान्याचे अर्ज यायला लागतील त्याआधी त्या निवेदनाची एक प्रत पुन्हा टेबलावर ठेवायची.